जांभळी नाक्यावरचा अडुळसा

पावसाळा लागला की ठाण्यात जांभळी नाक्यावर रानभाज्यांच्या वाट्यांशेजारी अडुळशाच्या जुड्या दिसू लागतात. येऊरकडून येणाऱ्या एका मावशींकडून मी त्या घेते. गेल्या वर्षी आईच्या खोकल्यासाठी पहिल्यांदा जुडी मागितली, तेव्हा पैसे घेण्याआधी त्यांनी विचारलं, "घरात कोणी पोटुशी नाही ना?" तो प्रश्न डोक्यातून जाईना.

अडुळशाचं पान वीतभर लांब, दोन्हीकडे निमुळतं. चुरगाळलं की उग्र वास येतो आणि चव कडूजहर. शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून तर गावाकडे कुंपणाला अडुळसा लावतात. हा कडूपणा मुख्यतः अल्कलॉइड वर्गातल्या, म्हणजे वनस्पतींत तयार होणाऱ्या नायट्रोजनयुक्त रसायनांचा. त्यांतलं प्रमुख वासिसीन. अडुळशाच्या 'वासा' या संस्कृत नावाशी त्याचं नातं आहे. १८८८मध्ये रसायनशास्त्रज्ञ हूपर यांनी ते पानांतून वेगळं केलं. त्याच्या रेणूत कार्बनचे ११, हायड्रोजनचे १२, नायट्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की त्याचंच वासिसिनोन होतं. म्हणजे डब्यात वर्षभर पडलेली पूड आणि आज खुडलेलं पान, दोन्ही अडुळसाच, पण आतला माल सारखा नाही. झाड कुठलं, पान कोवळं की जून, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यानेही प्रमाण बदलतं. 'अडुळशाचा अर्क' एवढंच बाटलीवर लिहिलेलं वाचून मला म्हणूनच समाधान होत नाही.

प्रयोगशाळेत अर्कात अल्कलॉइड आहेत का हे पाहायची एक साधी चाचणी आहे. आम्लयुक्त अर्कात ड्रॅगेनडॉर्फ द्रावणाचे दोन थेंब टाकायचे. नारिंगी साका धरला की अल्कलॉइड असण्याची खूण पटली. आजीकडे असलं काही नव्हतं. अडुळशाच्या पानांना रस सुटत नाही, म्हणून ती पानं वाफवून फडक्यात पिळायची आणि तो हिरवट काळा रस मधातून द्यायची. आयुर्वेदातला पुटपाक, म्हणजे पानांचा गोळा गुंडाळून भाजायचा आणि मग रस पिळायचा, तो याच जातीचा.

वासिसीनचा आराखडा समोर ठेवून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन घडवलं. ते १९६३मध्ये औषध म्हणून बाजारात आलं. ते घट्ट कफ पातळ करतं, मग तो सुटायला सोपा जातो. शरीरात गेल्यावर ब्रोमहेक्सिनपासून अँब्रोक्सोल तयार होतं, आणि तेही आता स्वतंत्र औषध आहे. घरातली खोकल्याची बाटली काढून मागचं लेबल वाचा, यांतलं एखादं नाव बऱ्याचदा सापडेल.

पण या गोळ्यांचं श्रेय जसंच्या तसं काढ्याला देता येत नाही. गोळीत एकच रेणू, ठरलेल्या मिलिग्रॅममध्ये. काढ्यात अनेक, आणि मोजमाप कुणाकडेच नाही. वासिसीन आणि वासिसिनोन श्वासनलिका सैल करतात असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्या आणि लहान. अडुळशाने क्षय बरा होतो असं कुणी सांगितलं तर कृपा करून विश्वास ठेवू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्या. काढा घेत घरी बसण्यात जे दिवस जातात, त्यात आजार फुप्फुसात पसरतो आणि घरातल्यांनाही लागतो.

आता मावशींचा प्रश्न. १९७०-८०च्या काळात जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत वासिसीनवर बरंच काम झालं. ते गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतं, असं तिथल्या प्रयोगांत आढळलं. त्यामुळे गरोदरपणात अडुळसा वर्ज्य. कफासाठी ज्या पानाकडे हात जातो, त्याच पानातला तोच रेणू पोटातल्या बाळाला धोका ठरू शकतो. मावशींना रेणूचं नाव ठाऊक नसेल, पण ही गोष्ट पक्की ठाऊक होती.

यंदा वहिनीला पाचवा महिना लागलाय, आणि खोकतेयही तीच. सवयीने जुडी उचलली, मावशींनी विचारलं, तशी ती खाली ठेवली आणि टाकळ्याचे दोन वाटे घेतले.