मत्स्यांतील सामाजिक स्थान व ताणप्रतिसाद

मत्स्यांतील सामाजिक स्थान व ताणप्रतिसाद : एकत्र राहणाऱ्या माशांत झटापटींतून वर्चस्वाचा जो क्रम ठरतो, त्यातील स्थानानुसार संप्रेरके, चयापचय आणि मेंदूतील रसायने यांत पडणारा फरक. बहुतेक अभ्यास सामन कुलातील (इंद्रधनुषी ट्राउट, आर्क्टिक चार, अटलांटिक सामन) व सिक्लिड कुलातील माशांवर झाला आहे. त्यामुळे पुढील विवेचन अस्थिमत्स्यांपुरतेच समजावे.

माशांत सस्तन प्राण्यांसारखी स्वतंत्र अधिवृक्क ग्रंथी नसते. तिचे काम शीर्षवृक्कात, म्हणजे वृक्काच्या पुढच्या भागात, विखुरलेल्या आंतरवृक्क कोशिका करतात. अधोथॅलॅमसकडून संदेश मिळताच पोष ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि त्याच्या प्रभावाने या कोशिका कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रवतात. निवांत सामन-ट्राउटच्या रक्तात कॉर्टिसॉल साधारणतः दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमपर्यंत असते. तीव्र ताणात ते ४० ते २०० पर्यंत चढते. जाळ्यात धरल्यानेही काही मिनिटांतच ते वाढू लागते, त्यामुळे रक्त काढण्यास उशीर झाला, तर आकडा सामाजिक ताणाचा की हाताळणीचा हे सांगता येत नाही. जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवणे बरे.

दोन तरुण ट्राउट एका टाकीत सोडले, की काही तासांत निकाल लागतो. घिरट्या, पाठलाग आणि परांना चावे यांनंतर विजेता टाकीचा मोकळा भाग व्यापतो. हरलेला कोपऱ्यात किंवा पृष्ठभागालगत जवळजवळ निश्चल राहतो, त्याचा रंग काळवंडतो आणि अन्न समोर आले तरी तो बहुधा पुढे येत नाही. अटलांटिक सामनच्या पिलांत हरणाऱ्याच्या डोळ्यातील बुबुळाभोवतीचा भागही गडद होतो आणि त्यानंतर हल्ले कमी होतात, म्हणून हा रंगबदल शरणागतीची खूण मानला जातो. झटापटीत कॉर्टिसॉल दोघांचेही वाढते. मात्र विजेत्याचे लवकरच मूळ पातळीवर येते, तर अधीन माशाचे कित्येक दिवस चढेच राहते. मस्तिष्कस्तंभातील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाची उलाढालही अधीन माशात वाढलेली आढळते. वाढ खुंटणे व विश्रांतीतील ऊर्जाव्यय वाढणे हे परिणाम नोंदले गेले आहेत. अधीन ट्राउट पाण्यातील सोडियम अधिक वेगाने शोषतो आणि त्याच्या शरीरात तांबेही अधिक साठते.

‘चोचक्रम’ (कोण कोणाला चोच मारतो यावरून ठरणारा वर्चस्वाचा क्रम) ही संकल्पना नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लीफ शेल्डेरुप-एब्ब यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी कोंबड्यांवरून मांडली. माशांतील क्रमाची वर्णने १९३० च्या दशकात येऊ लागली. त्याची ताणाशी सांगड नेमकी कोणी घातली याबद्दल एकवाक्यता नाही. बरेच लेखक १९७७ मधील ट्राउटच्या आंतरवृक्क कोशिकांवरील निबंधापासून सुरुवात करतात. परंतु सनफिश माशांतील क्रम व ताण यांवरील निबंध १९६७ मध्येच प्रसिद्ध झाला होता, तेव्हा अग्रक्रम त्याला देणे अधिक योग्य दिसते.

खरा वाद कारण कोणते आणि परिणाम कोणता, याबद्दल आहे. पराभवामुळे कॉर्टिसॉल वाढते, की मुळात अधिक कॉर्टिसॉल स्रवणारा मासाच हरतो? इंग्लंडमध्ये विंडरमिअर येथे टी. जी. पॉटिंजर व सहकाऱ्यांनी इंद्रधनुषी ट्राउटचे तीव्र आणि सौम्य ताणप्रतिसादाचे दोन वाण निवडीने तयार केले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जोड्या लावल्या असता बहुधा सौम्य प्रतिसादाचे मासे वरचढ ठरले. बाहेरून कॉर्टिसॉल दिलेले मासे अधीन होण्याकडे झुकतात, हेही दुसऱ्या पक्षाला अनुकूल आहे. तथापि हेच वाण नॉर्वेला नेल्यावर तीव्र प्रतिसादाचे मासे वरचढ झाल्याचे २००८ मध्ये नोंदले गेले. म्हणजे वाणाचा कल निर्णायक नव्हे. परिणाम दोन्ही दिशांनी होतो, हे मत सध्या अधिक ग्राह्य वाटते.

खालचे स्थान म्हणजे अधिक ताण, हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. टांगानिका सरोवरातील ॲस्टॅटोटिलॅपिया बुर्टोनी या सिक्लिडमध्ये प्रदेशहीन (स्वतःचा राखीव प्रदेश नसलेल्या) नरांचे कॉर्टिसॉल अधिक आढळते, पण तेही गट स्थिरावल्यानंतरच. त्याच सरोवरातील निओलॅम्प्रोलोगस पल्चर या माशात अधीन मासे प्रजननक्षम जोडीच्या पिलांची राखण करतात. तेथे एका अभ्यासात वरिष्ठांचेच कॉर्टिसॉल अधिक निघाले, मात्र सर्व अभ्यास जुळत नाहीत. स्थान टिकवण्याचा खर्च कोणाला जास्त पडतो यावर ताण अवलंबून असावा, हे स्पष्टीकरण येथे बरे लागू पडते. विदूषक माशांत आकारानुसार रांग लागते आणि कनिष्ठ मासा आपली वाढ आखडती ठेवून वरच्याशी संघर्षच टाळतो.

मत्स्यसंवर्धनात दाट संख्या, वाहते पाणी आणि सर्वत्र पसरून दिलेले खाद्य यांमुळे एखाद्या माशाला अन्नावर मक्तेदारी ठेवणे कठीण जाते व क्रम सैल पडतो. फार विरळ संख्येत ट्राउट ठेवल्यास उलट काही मोजके मासे झपाट्याने वाढतात आणि बाकीचे परांच्या जखमांसह खुरटतात.