परमिट रूम (पुणे)

परमिट रूम म्हणजे बसून मद्यपान करण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-3 परवाना मिळालेले ठिकाण. कॅम्पातील जुने बार असोत वा कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेरमधील पब असोत, विदेशी मद्य पाजण्यासाठी सर्वसाधारणपणे हाच परवाना लागतो. नावातले ‘परमिट’ मात्र मालकाचे नसून पिणाऱ्याचे आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 हा मुळात बंदीचा कायदा असून, परवानाधारक ग्राहकाला त्यातून सूट मिळते. प्रत्यक्षात ग्राहकाचा हा परवाना बहुधा कागदोपत्रीच उरला आहे. त्यामुळे खरी जबाबदारी काउंटरवर आणि वेटरवर येते.

राज्यात बिअर व वाइनसाठी 21, तर व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यासाठी 25 वर्षे वयाची अट आहे. विद्यार्थ्यांच्या या शहरात एकाच टेबलावर 20, 23 आणि 26 वर्षांचे मित्र बसलेले असतात. तिघांना तीन वेगळे नियम लागू होतात आणि ऑर्डर मात्र एकच जण देतो. म्हणून दारावर एकदा ओळखपत्र पाहून भागत नाही. कोणता ग्लास कोणापुढे गेला, याकडे रात्रभर लक्ष ठेवावे लागते.

मोजमापाबाबतही मोठा गैरसमज आहे. 42.8 टक्के मद्यार्क असलेल्या व्हिस्कीच्या 30 मिलीच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे 13 मिली शुद्ध मद्यार्क असतो, तर 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिली बाटलीत 52 मिली, म्हणजे चार स्मॉल पेगांइतका. ‘बिअरच तर घेतली’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाला हा हिशेब शांतपणे सांगता येणे, हे चांगल्या कर्मचाऱ्याचे मोठे कौशल्य मानावे लागेल. यकृत तासाला साधारण एका स्मॉल पेगाइतकाच मद्यार्क निकामी करते, आणि कॉफीने किंवा लिंबूपाण्याने तो वेग वाढत नाही. सोबत जेवण आणि पाणी देणे, पुढची ऑर्डर रेंगाळू देणे आणि जीभ जड झालेल्याला सरळ नकार देणे, एवढेच उपाय उरतात. त्या नकाराच्या वेळी व्यवस्थापकाने वेटरच्या पाठीशी उभे राहिले नाही, तर बक्षिशीवर घर चालवणारा माणूस नकार देणार नाही.

19 मे 2024 रोजी कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत एका तरुणाचा व एका तरुणीचा मृत्यू झाला. अल्पवयीन चालकाला मद्य दिल्याच्या आरोपावरून बारचालक व व्यवस्थापकांनाही अटक झाली आणि शहरातील परवान्यांची तपासणी कडक झाली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे शेवटची ऑर्डर घेतानाच ‘गाडी कोण चालवणार?’ असे विचारणे आणि ग्राहकाची गाडी रात्रभर आवारात ठेवून त्याला रिक्षा किंवा टॅक्सी बोलावून देणे, हाही या व्यवसायाच्या कामाचाच भाग आहे.