भारित रेशमाचे पोशाख व त्यांचे जतन

धातूंच्या क्षारांनी वजन वाढवलेल्या रेशमाला भारित रेशीम म्हणतात. १८९० च्या दशकापासून १९३० पर्यंतच्या युरोप-अमेरिकेतील उंची पोशाखांत ते सर्रास वापरले गेले, आणि त्या काळातील गाउनांच्या जतनातील सर्वांत अवघड प्रश्न याच कापडाने निर्माण केला आहे.

कच्च्या रेशमातील सेरिसिन हा चिकट पदार्थ उकळून काढला की धाग्याचे वजन सुमारे चौथाईने घटते. रेशीम वजनावर विकले जात असल्याने ही घट भरून काढण्यासाठी ते कथिलाच्या क्लोराइडात व सोडियम फॉस्फेटात आळीपाळीने बुडवून शेवटी सोडियम सिलिकेटाचे पाणी देत. मूळ वजन भरून निघाल्यावरही गिरण्या थांबत नसत. कापड जड होई, त्याला सुरेख पडण येई आणि ते स्वस्तही पडे. मात्र प्रकाश, घाम व दमट हवा यांमुळे असे तंतू साध्या रेशमापेक्षा फार लवकर ठिसूळ होतात.

पॅरिसमधील वर्थसारख्या उंची पोशाख शिवणाऱ्या नामांकित पेढ्यांचे गाउनही यातून सुटले नाहीत. अशा गाउनाचे सुती अस्तर, आतील हातशिलाई आणि पेढीचे नाव विणलेली कमरेची फीत शाबूत असते, पण वरचा टाफेटा (कडक, चकचकीत रेशमी कापड) घड्यांच्या रेषेत उभा चिरत जातो आणि नुसत्या हाताळण्यानेही त्याचा भुगा पडतो. कारागिरांच्या कौशल्यात काहीच उणे नव्हते, दोष कापडात गिरणीतच शिरला होता. त्यामुळे ही हानी अधिकच चटका लावते.

झालेली झीज उलटवता येत नाही. पाण्यात धुणे धोक्याचे असते आणि सुईच्या प्रत्येक छिद्रातून नवी चीर सुरू होऊ शकते, म्हणून फाटलेल्या भागाखाली त्याच रंगात रंगवलेले तलम क्रेपलिन (पारदर्शक रेशमी कापड) सौम्य चिकटद्रव्याने बसवतात किंवा वरून बारीक जाळी घालतात. गाउन टांगला तर त्याचा सारा भार खांद्यांवर येतो. तो आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या घड्यांत भरून आडवा ठेवावा लागतो. प्रदर्शनातील प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचे एकक) व मोजक्या महिन्यांपुरताच ठेवतात. संग्रहातील पोशाख कोणीही अंगावर घालू नये, असे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या वेशभूषा समितीचे मार्गदर्शन आहे, आणि भारित रेशमाबाबत त्याला एकही अपवाद करता कामा नये. फारच जीर्ण झालेले गाउन तर पुतळ्यावरही न चढवता उतरत्या फळीवर पसरून दाखवतात.