जुन्या जावा-येझ्दीचा जीर्णोद्धार

जुनी, बंद पडलेली जावा किंवा येझ्दी मोटारसायकल तिच्याच काळातले, कारखान्यातून आलेले सुटे भाग शोधून, जोडून पुन्हा मूळ रूपात चालती करण्याचे काम. गाडी नुसती सुरू करणे म्हणजे दुरुस्ती आणि चकचकीत करणे म्हणजे रंगकाम. जीर्णोद्धारात प्रत्येक भाग या गाडीचा आहे की नाही, हे आधी विचारावे लागते.

फ्रांटिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये चेकोस्लोव्हाकियात जर्मन वांडरर कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले. रोमन लिपीतल्या Janeček आणि Wanderer या दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरे जुळून ‘जावा’ (Jawa) झाले. भारतात रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरमध्ये 1960 च्या सुमारास ‘आयडियल जावा’ कारखाना उभारला. 1970 च्या दशकात गाड्यांवर ‘येझ्दी’ हे नाव आले आणि 1996 मध्ये उत्पादन थांबले. कारखाना गेला, पण गाड्या राहिल्या. म्हणूनच सुट्या भागांचा शोध हा या कामाचा गाभा ठरला.

पहिली भारतीय जावा ही चेक ‘353’ नमुन्याची बहीण. 250 सीसी वर्गाचे, एका सिलेंडरचे टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दोनच फेऱ्यांत एक चक्र पूर्ण करणारे) इंजिन. सिलेंडर एकच, पण सायलेन्सर दोन. डावीकडचा गिअरचा दांडाच आत दाबून फिरवला की किक होतो. गिअर बदलताना त्याच दांड्याच्या हालचालीने क्लच आपोआप सुटतो. स्पीडोमीटर हेडलाइटच्याच कवचात, साखळी पूर्ण बंद पेटीत. असे भाग दुसऱ्या कोणत्याही गाडीचे बसत नाहीत, म्हणून हरवलेली साखळीपेटी किंवा फुटलेले साइड कव्हर महिनोन्‌महिने काम अडवून धरते.

मूळ भागांचा आग्रह केवळ हौसेपोटी नसतो. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलेंडर बिडाचा. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो, म्हणून दोघांत ठरावीक फट ठेवलेली असते. बाजारातल्या हलक्या पिस्टनची धातू वेगळी निघाली की ती फट चुकते आणि लांबच्या प्रवासात इंजिन जाम होते. क्रँकचेही, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचेही, तसेच. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्येच, म्हणजे क्रँकच्या बंद पेटीत, दाबले जाते. तिथले ऑइल सील (तेल-हवा अडवणारी रबरी कडी) कडक झाले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते (त्यात पेट्रोल कमी पडते) आणि गाडी चढावर दम तोडते. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्सचे ऑइल जळून पांढरा धूर निघतो. क्रँक दाबून बसवलेला असल्याने कनेक्टिंग रॉड बदलायला तो प्रेसवर उघडावा लागतो आणि पुन्हा बसवताना वाकडेपणा मोजणारा डायल लावून सरळ करावा लागतो. हे काम जाणणारा मिस्त्री सापडणे हेच अर्धे यश. सायलेन्सरच्या आतल्या नळ्यांची रचना बदलली तर गाडीचा ओळखीचा आवाज जातो आणि ओढही कमी होते.

भाग मिळवण्याचे मार्ग तीन. एक, जुन्या दुकानांच्या माळ्यांवर पडून राहिलेला न वापरलेला माल. त्याची वेष्टने आणि भाग क्रमांक पारखून घ्यावे लागतात. दोन, मोडीत निघालेली दुसरी गाडी. तीन, मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी नजर ठेवून फिरणे. इथे हाताने उचलून वजन पाहणारा, ओतीव खुणा वाचणारा माणूस फसत नाही. नव्याने घडवलेले भागही मिळतात आणि रबर, केबल, गॅस्केट यांत ते वापरण्यात काहीच वावगे नाही. साठ वर्षांपूर्वीचे रबर वापरण्यात धोकाच आहे.

सर्वात जास्त नुकसान उत्साहाने होते. इंजिनाची कव्हरे बफवर (चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर) इतकी घासली जातात की त्यावरचे उठावाचे अक्षर पुसून जाते. टाकीवरचा मूळ रंग टिकला असेल, मडगार्डवरची हाताने ओढलेली सोनेरी रेघ दिसत असेल, तर तो रंग काढू नये. तशी रेघ पुन्हा ओढता येते, पण मूळ ओढणाऱ्याचा हात परत येत नाही. सहा व्होल्टची वायरिंग बदलून बारा व्होल्टची केल्यास उजेड चांगला पडतो. मात्र मूळ डायनॅमो (वीज तयार करणारा भाग) आणि पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा भाग) जपून ठेवावेत, म्हणजे बदल मागे घेता येतो. काम सुरू करण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा.

कागदपत्रे हा वेगळा विषय. इंजिन आणि चेसिसचे क्रमांक आरसी बुकाशी जुळले पाहिजेत, नाहीतर गाडी कितीही सुंदर झाली तरी रस्त्यावर आणणे अवघड जाते. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ ठरू शकते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, फेरनोंदणीचे 5,000. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर नेता येते. रोज कामावर जायला नाही. त्यामुळे ज्यांना गाडी रोज चालवायची असते ते नेहमीच्याच नोंदणीचे नूतनीकरण करून घेतात.

दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी आंतरराष्ट्रीय जावा-येझ्दी दिवस साजरा होतो. ‘क्लासिक लेजेंड्स’ या कंपनीने 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझ्दी या नावांच्या नव्या गाड्या आणल्या. त्यांची इंजिने फोर-स्ट्रोक असल्याने त्यांचे इंजिनाचे भाग जुन्या गाड्यांना लागत नाहीत.