हार्डडिस्क डेटा रिकव्हरी (भौतिक बिघाड)

आपटलेल्या, भिजलेल्या, जळालेल्या किंवा आतलं हेड (तबकडीवरची माहिती वाचणारा-लिहिणारा भाग) गेलेल्या हार्डडिस्कमधली माहिती वाचून दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं काम. डिलीट झालेल्या फायली परत आणणं किंवा फॉरमॅट झालेलं पार्टिशन शोधणं हे वेगळं, तिथे डिस्क धडधाकट असते आणि सॉफ्टवेअरने भागतं. इथे यंत्रच मोडलेलं असतं आणि ते दुरुस्त करून पुन्हा वापरायचं असंही नसतं, सगळं एकदा वाचून होईपर्यंत ते कसंबसं चालावं एवढीच अपेक्षा असते.

माहिती असते ती तबकड्यांवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या चकतीवर चढवलेल्या अतिशय पातळ चुंबकीय थरात. मोटर, हेड, बाहेरचं हिरवं सर्किट बोर्ड हे सगळं दुसऱ्या डिस्कवरून (हिला धंद्यात ‘डोनर’ म्हणतात) काढून लावता येतं, पण तबकडीला पर्याय नाही. १९५६ च्या आयबीएमच्या पहिल्या डिस्कमध्ये हेड तबकडीपासून सुमारे २० मायक्रॉन वर असायचं, आजच्या डिस्कमध्ये ते अंतर काही नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) आलंय. त्यामुळे वाकलेलं हेड फिरत्या तबकडीला टेकलं की थर खरवडला जातो, त्याची गोल रेघ उमटते आणि तेवढ्या पट्ट्यातली माहिती भुकटी होऊन डब्यात पडलेली असते, ती कुठलीच लॅब परत आणू शकत नाही. टिकटिक आवाज येतोय म्हणजे हेडला आपली जागा वाचता येत नाहीये आणि ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन सुरुवात करतंय, अशा वेळी ‘परत एकदा लावून बघू’ म्हणून दिलेली प्रत्येक सुरुवात तबकडी खाऊ शकते. बारीक बीपसारखा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा हेड तबकडीला चिकटलेलं असतं किंवा मोटर जाम असते.

बोर्ड बदलण्याबद्दल जुनी आणि नवी माहिती एकमेकांत फार मिसळली गेलीय. साधारण २००० च्या आधीच्या डिस्कमध्ये त्याच मॉडेलचा बोर्ड काढून लावला की डिस्क अनेकदा सुरू व्हायची आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात हा सल्ला अजून ऐकायला मिळतो. पुढे मात्र तबकडीवरच्या माहितीची घनता वाढली तशी प्रत्येक डिस्कच्या हेडची जुळणी फॅक्टरीत वेगवेगळी करून ते आकडे बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये (वीज गेली तरी माहिती टिकवणारी चिप) ठेवायला लागले, म्हणून हुबेहूब तसाच बोर्ड लावला तरी डिस्क टिकटिक करत बसते. मूळ बोर्डवरची आठ पायांची चिप काढून नव्या बोर्डवर डकवावी लागते, काही मॉडेलमध्ये ती वेगळी नसते, मुख्य चिपच्या आतच असते आणि मग काम अवघड होतं. एक बिघाड मात्र खरंच सोपा आहे: बाहेरून जोडायच्या डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला की बोर्डवरचा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो, डिस्क एकदम मुकी होते, आणि अनेकदा तो डायोड काढला की ती परत फिरते.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती कुठून आली याबद्दल दोन स्पष्टीकरणं दिली जातात. एक म्हणजे थंडीने धातू आकसतो आणि अडकलेलं बेअरिंग किंवा चिकटलेलं हेड सुटतं, हे १९९० च्या दशकातल्या बॉल बेअरिंगच्या डिस्कशी जुळतं. दुसरं असं, की तापल्यावर बंद पडणारी एखादी अर्धवट गेलेली चिप थंडीत थोडा वेळ चालायची. जिथे ही युक्ती खरोखर लागू पडली तिथे दुसरं कारण जास्त पटतं. २००० नंतर द्रव बेअरिंग आले, त्यातलं तेल थंडीत उलट घट्ट होतं, आणि साधी (हेलियम न भरलेली) डिस्क पूर्ण हवाबंद नसते, तिला फिल्टर लावलेलं श्वासाचं छिद्र असतं, त्यामुळे फ्रीजरमधून बाहेर काढल्यावर आपल्या दमट हवेत तबकडीवर पाणी धरण्याची भीती राहते. आज ही युक्ती करू नये.

डिस्क उघडायची ती धूळमुक्त हवेत. हवेच्या स्वच्छतेची जुनी क्लास १०० ही श्रेणी म्हणजे आताची आयएसओ क्लास ५, एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण १०० च्या आत. अर्धा मायक्रॉन म्हणजे ५०० नॅनोमीटर, हेडखालच्या फटीच्या साधारण शंभरपट. आख्खी खोलीच तशी लागते की गाळलेल्या हवेचं टेबल पुरतं यावर काम करणाऱ्यांत मतभेद आहेत, नुसत्या हेड बदलासाठी चांगलं टेबल पुरतं असं बरेच जण मानतात. पुढे आधी पूर्ण प्रत काढायची आणि फायली त्या प्रतीवरच शोधायच्या. जीएनयूचा डीडीरेस्क्यू हा प्रत काढायचा प्रोग्राम सोपा भाग आधी उचलतो, अडणारा शेवटी ठेवतो आणि कुठपर्यंत आलो त्याची नोंद ठेवतो; लॅबमधली पीसी-३००० सारखी उपकरणं निकामी हेड वगळून बाकीच्या हेडने वाचू शकतात.

भिजलेली डिस्क वाळवावी असं पूर्वी सांगायचे. आता बहुतेक लॅब उलट सांगतात, कारण गढूळ पाणी वाळलं की गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात. २६ जुलै २००५ ची मुंबई असो की २०२१ चं चिपळूण, पुरातल्या डिस्कला ऊन, तांदूळ, हेअर ड्रायर काही लावायचं नाही, ओलसर असतानाच पिशवीत बंद करून द्यायची.

सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण नासाच्या कोलंबिया यानाचं. १ फेब्रुवारी २००३ ला ते परतताना तुटलं, कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. झेनॉनवरच्या एका प्रयोगाची सीगेटची डिस्क पुढे टेक्सासमधल्या एका आटलेल्या तलावाच्या तळाशी सापडली. प्लॅस्टिक वितळलेलं, धुळीपासून राखणारं सील गेलेलं, बोर्ड जळालेला. क्रोल ऑनट्रॅक कंपनीच्या जॉन एडवर्ड्स यांनी तबकड्या रसायनाने धुऊन दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचली. यात मोठा वाटा डॉस या जुन्या सिस्टमचा होता. ही सिस्टम माहिती विखरून न टाकता सलग लिहायची, डिस्क अर्धीच भरलेली होती आणि तबकडीवरचे खड्डे नेमके रिकाम्या भागात पडले होते. यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीच निघालं नाही. त्या माहितीवरचा शोधनिबंध २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’मध्ये आला.

२०१३ पासून आलेल्या हेलियम भरलेल्या डिस्क उघडल्या की वायू निघून जातो आणि हेडचं तरंगणंच बदलतं, म्हणून हे काम महाग पडतं. काही बाहेरून जोडायच्या डिस्कमध्ये यूएसबी बोर्डवरच माहिती एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) होते, तिथे तबकडी शाबूत असूनही मूळ बोर्ड किंवा त्यावरची चिप टाकून दिली असेल तर वाचलेलं सगळं निरर्थक आकडेच राहतात.