सिन्टेनीवरून दीर्घ असंकेती आरएनएचा शोध

ज्यांची लांबी साधारण २०० न्यूक्लिओटाइडांहून (आरएनएच्या साखळीतील घटकांहून) अधिक असते, पण ज्यांपासून प्रथिन बनत नाही, ते दीर्घ असंकेती आरएनए. एका जातीतील अशा आरएनएचा समजात, म्हणजे समान पूर्वजापासून आलेला जोडीदार, दुसऱ्या जातीत शोधताना त्याच्या अनुक्रमापेक्षा (न्यूक्लिओटाइडांच्या क्रमापेक्षा) जीनोममधील त्याच्या शेजाऱ्यांवर भिस्त ठेवतात. जाती वेगळ्या झाल्यावरही जनुकांचा शेजार आणि क्रम टिकून राहणे म्हणजे सिन्टेनी.

प्रथिनाच्या जनुकात अमिनो आम्लांचा क्रम जपावा लागतो. म्हणून माणसाचे जनुक माशातही सहसा ओळखू येते. असंकेती आरएनएवर हे बंधन नसल्याने त्यांचे अनुक्रम झपाट्याने बदलतात. २०११ साली झेब्राफिशमध्ये असे ५५० च्या वर आरएनए नोंदले गेले. सस्तन प्राण्यांशी अनुक्रमसाम्य दिसले ते अवघ्या २९ मध्ये.

शोधाची सुरुवात आरएनएच्या दोन्ही बाजूंच्या प्रथिनसंकेती जनुकांपासून होते. त्यांची समजात जनुके दुसऱ्या जातीत शोधायची आणि मधल्या पट्ट्यात त्याच दिशेने लिप्यंतरित होणारा (डीएनएवरून उतरवला जाणारा) आरएनए आहे का, हे त्याच ऊतीच्या आरएनए-माहितीत पाहायचे. दिशा जुळली नाही, तर दावा बराच लुळा पडतो. सायरानो हा आरएनए झेब्राफिश, उंदीर आणि माणूस या तिघांतही त्याच जागी सापडतो. त्याचा बहुतेक अनुक्रम मात्र बदललेला आहे. नीट जपला गेलेला तुकडा जेमतेम ६७ न्यूक्लिओटाइडांचा, आणि त्यातच मायक्रोआरएनए-७ (miR-7) हा छोटा आरएनए चिकटण्याची जागा आहे. फळमाश्यांतील रॉक्स आरएनएंसाठी सिन्टेनीला सूक्ष्म अनुक्रमसाम्य आणि द्वितीयक रचना (आरएनएच्या साखळीची घडी) यांची जोड दिली गेली. २०१६ मध्ये त्यातून ४७ नवे समजात हाती लागले.

पण नुसता शेजार पुरेसा पुरावा नव्हे. दोन जनुकांमधले अंतर मोठे असेल, तर तिथे दोन्ही जातींत स्वतंत्रपणे आरएनए उपजू शकतात. म्हणून आरएनएंच्या जागा यदृच्छेने बदलून किती जुळण्या निव्वळ योगायोगाने मिळतात, हे मोजणे आवश्यक ठरते. अस्थिमत्स्यांत अडचण वेगळी: टेलिऑस्ट गटाच्या पूर्वजात संपूर्ण जीनोम दुपटला, त्यामुळे एकाच शेजाराच्या दोन अर्धवट प्रती उरल्या.

सर्वांत बोलके उदाहरण झिस्टचे. सस्तन मादीतील एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय करणाऱ्या या आरएनएच्या जागी कोंबडीत एलएनएक्स-३ हे प्रथिनसंकेती जनुक आहे, आणि झिस्टचे काही भाग त्यापासूनच आले आहेत. कांगारूसारख्या शिशुधान प्राण्यांत झिस्ट नाही. तिथे एक्स गुणसूत्र निष्क्रिय करण्याशी आरएसएक्स (Rsx) हा वेगळ्याच उगमाचा आरएनए निगडित आहे.