गाडीवानावर आळ: चोरी की अपहार?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात शेतकऱ्याने आपल्या पगारी गाडीवानावर आळ घेतला, की गावाच्या लेखी प्रकरण सरळ असे: मालकाचा माल याने लांबवला. कोर्टात मात्र पहिला प्रश्न निघे तो ताब्याचा. गाडीवानाने हात मारण्याआधी ती वस्तू मालकाच्या ताब्यात आली होती का? आली असेल तर चोरी. मालकापर्यंत पोचण्याआधी मधेच गिळली असेल तर अपहार.

समजा, मालकाने आपली गाडी देऊन गाडीवानाला कोळसा आणायला पाठवलं आणि वाटेत त्याने त्यातला थोडा परस्पर दुसऱ्याला दिला. ही चोरी. गाडी मालकाची, त्यामुळे कोळसा तिच्यात पडला त्या क्षणी तो मालकाच्या ताब्यात आला. मालक स्वतः कोसभर लांब असला तरी फरक पडत नाही. 1854 च्या रीड खटल्यात हेच ठरलं. आता तोच गाडीवान मालकाचं धान्य पोचवायला गेला, गिऱ्हाइकाने पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि त्याने ते दाबले. हे पैसे मालकाच्या ताब्यात कधी आलेच नव्हते, म्हणून हा अपहार. तेच पैसे आधी मालकाच्या गल्ल्यात टाकून नंतर उचलले, तर पुन्हा चोरी. मालकाने टोलनाक्यासाठी दिलेली चिल्लर खाल्ली, तर तीही चोरीच, कारण नोकराच्या हातात असली तरी कायद्याने ती मालकाच्याच ताब्यात.

इतका कीस काढण्याचा हा प्रकार 1799 पासूनचा. बॅझली नावाच्या बँक कारकुनाने ग्राहकाने भरलेली 100 पौंडांची नोट गल्ल्याऐवजी खिशात घातली आणि न्यायाधीशांना त्यात चोरी बसवता येईना. त्याच वर्षी संसदेने नोकराच्या अपहारासाठी वेगळा कायदा केला.

1861 च्या चोरीविषयक कायद्यात नोकराची चोरी कलम 67 मध्ये आणि अपहार कलम 68 मध्ये आला. शिक्षा दोन्हींना सारखीच, कमाल 14 वर्षं सक्तमजुरी. चुकीचं कलम लावल्याने आरोपी सुटण्याची पळवाट 1851 मध्येच बुजली होती. 1861 च्या कलम 72 नेही ज्युरीला एका आरोपावरून दुसऱ्यात दोषी ठरवण्याची मुभा ठेवली. खरा फरक राहिला तो पुराव्यात. चोरीसाठी माल ओळखावा लागे: पोत्यावरची खूण, धान्याची जात, घेणाऱ्याची साक्ष. अपहारात हिशेबाची नुसती एकूण तूट दाखवून सहसा भागत नसे. अमुक रक्कम अमक्याकडून मिळाली, ती मालकाला द्यायची होती आणि ती लपवली, हे दाखवावं लागे. म्हणून ‘अजून पैसे मिळालेच नाहीत’ ही खोटी थाप फिर्यादीच्या फार कामाची. पैसे मिळाल्याचं गाडीवानाने उघड कबूल केलं आणि नुसता भरणा थकवला, तर त्याचा वकील ‘हे साधं देणं आहे’ म्हणून भांडे. सहा महिन्यांतले तीनपर्यंत अपहार एकाच आरोपपत्रात घेता येत.

गाडीवानांच्या बाबतीत सगळ्यात विचित्र प्रकार घोड्यांच्या चाऱ्याचा. मालकाचेच ओट मालकाच्याच घोड्यांना हुकमाबाहेर जास्त घातले, तरी न्यायाधीशांनी ती चोरी ठरवली होती. घोडा तुकतुकीत दिसावा म्हणून असं करणारे गाडीवान कमी नसावेत! 1863 च्या कायद्याने हे चोरीतून काढलं आणि कमाल तीन महिने कैद किंवा पाच पौंड दंड एवढ्यावर आणलं.

गाडीवान नोकर नसून भाड्याने माल नेणारा स्वतंत्र वाहतूकदार असेल, तर वरचं गणित लागत नाही. माल मालकाने त्याच्याच ताब्यात दिलेला असतो. जुन्या नियमाने अख्खं गाठोडं पळवणारा सुटे, पण गाठोडं फोडून आतला माल घेणारा अडके. 1857 नंतर दोघंही चोर ठरले.

छोट्या रकमांचे खटले खालच्या मॅजिस्ट्रेटसमोरच निघत. 1855 पासून पाच शिलिंगांपर्यंतची चोरी आरोपीच्या संमतीने तिथे चाले. अपहाराला ही सोय 1868 मध्ये मिळाली. त्या काळी शेतमजुराची आठवड्याची मजुरी साधारण दहा शिलिंग, तेव्हा पाच शिलिंग म्हणजे तीन दिवसांची कमाई. आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याचा सर्वसाधारण हक्क 1898 मध्ये मिळाला. तोवर ‘मालकानेच परवानगी दिली होती’ हे त्याला शपथेवर सांगता येत नसे.

1860 च्या भारतीय दंडसंहितेने ताब्याचा घोळ बराच टाळला. कलम 27 नुसार नोकराने मालकाच्या वतीने बाळगलेली वस्तू मालकाच्याच ताब्यात. नोकराच्या चोरीला कलम 381 आणि नोकराच्या विश्वासघाताला, म्हणजे सोपवलेला माल गिळण्याला, 408, वाहतूकदारासाठी वेगळं 407. तिन्हींत कमाल सात वर्षं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत यांची जागा कलम 306 आणि 316 ने घेतली आहे.